दोनशे सातमधली फोडणी

हॉटेलसमोरच्या हिरवळीवर आम्ही सव्वीस जण उभे होतो आणि दुसऱ्या मजल्यावर आगीची घंटा कोकलत होती. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, पण स्वित्झर्लंडात जूनमध्ये ती दुपारच. ग्रुपमधले पांढुर्ण्याचे कापूस-जिनिंगवाले बाबारावजी गंजिफ्रॉकवरच खाली आले होते. लाल गाडीतून उतरलेले चार बंबवाले धावत आत गेले आणि दोन मिनिटांत शिंकत बाहेर आले. आग कुठेच नव्हती. होता तो मिरचीचा ठसका.

ती घंटा कुणामुळे वाजली, हे नागपूरजवळच्या पांढुर्ण्यात आणि सौंसरमध्ये आजही कुणालाही विचारा. लगेच उत्तर मिळेल. ते उत्तर चूक आहे.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होतो. मी सौंसरचा, म्हणून हा ग्रुप माझ्याकडे आला. जिनिंगवाले, संत्र्याचे बागायतदार, दोन रिटायर्ड हेडमास्तर आणि सगळ्यांच्या बायका. अकरा दिवसांत सहा देश. सगळे शाकाहारी, निम्मे माळकरी.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"वासू, एखादा किल्ला राहिला तरी चालेल. पण ताटात नको ते आलं, तर हे लोक जीप करून माझ्या दारात येतील. मागच्या टूरची तक्रार अजून या फायलीत आहे. आणखी एक आली, की तू परत तिकीट काउंटरवर."

तेव्हा युरोपात शाकाहारी म्हणजे काय, हे रोज नव्याने समजावून सांगावं लागे. बेल्जियमच्या रस्त्यावर एका हॉटेलात सॅलडवर हॅमच्या पट्ट्या आल्या. मी तक्रार केली. वेटर प्लेट घेऊन आत गेला, पट्ट्या उचलल्या आणि तीच प्लेट परत आणली. वर हसून म्हणाला, आता ठीक? त्या दिवशी ग्रुप चिवडा आणि शेंगदाण्याच्या चटणीवर जेवला.

म्हणून आमच्या धंद्यात टेलेक्स हा देव होता. टेलेक्स म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून थेट दुसऱ्या ऑफिसातल्या मशीनवर छापून येई. पुढच्या हॉटेलला दोन दिवस आधी कळवायचं: इतकी माणसं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, सूपला हाडांचं पाणी नाही. मग किचन तसा माल आणून ठेवी. ऐनवेळी तोंडी सांगून काही होत नसे.

पॅरिसहून तो टेलेक्स पाठवायचा होता. त्या दुपारी ग्रुप बोटीत बसला आणि मी खोलीवर जाऊन झोपलो. पाठवू संध्याकाळी, म्हटलं. संध्याकाळी विसरलो. याला दुसरं काही कारण नाही.

स्वित्झर्लंडच्या हॉटेलात पोचलो, तेव्हा शेफने मला मोठ्या अभिमानाने वासराच्या मांसाचे सव्वीस तुकडे दाखवले. मी गयावया केली.

"फार तर उकडलेले बटाटे देतो," तो म्हणाला. "आणि ब्रेड."

"किचनमध्ये पाच मिनिटं फोडणी करू द्या."

"माझ्या किचनमध्ये बाहेरचा माणूस येत नाही."

नुसते अळणी बटाटे समोर आले असते, तर टेलेक्सची गोष्ट उघडी पडली असती. माझ्या बॅगेत इलेक्ट्रिक हीटर, छोटी कढई, तेल, मोहरी, हळद असे. टूर मॅनेजरचं ते गुपित हत्यार. खोलीत स्वयंपाक करायचा नाही, हा नियम ग्रुपला रोज सकाळी कोचमध्ये माइकवर मीच सांगायचो. मिरच्या मात्र संपल्या होत्या. मी समोरच्या खोलीचं दार वाजवलं.

वच्छलाकाकूंनी उघडलं. बाबारावजींच्या बायको. माझ्या आईच्या गावच्या, मोहगावच्या.

"काकू, चार मिरच्या आहेत का?"

"काहून रे? काय करून राहिला?"

मी खरं सांगितलं. त्यांनी भिवापुरी मिरच्यांची पुरचुंडीच हातात ठेवली.

"जपून टाकजो बाप्पा. लय तेज हायेत."

मी मूठभर टाकल्या. खोली दोनशे सात ठसक्याने भरली. खिडकी फक्त चार बोटं उघडायची, म्हणून मी कॉरिडॉरचं दार उघडलं. कॉरिडॉरच्या छताला धूर ओळखणारं यंत्र होतं. आमच्याकडे असलं काही तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं आणि तरी दार उघडलं.

हिरवळीवर हॉटेलच्या मॅनेजरबाई आल्या. चष्मा, हातात वही. कोणी केलं, हे त्या विचारणार एवढ्यात आमच्याच ग्रुपमधले तिगावचे नामदेवराव ओरडले, "वच्छलावयनीचा स्टो! सांगत होतो ना मी, ह्या स्टो घेऊन आल्या म्हणून!"

काकूंच्या बॅगेत वातीचा स्टोव्ह होता, हे खरं. नागपूर स्टेशनवर त्यावरून भरपूर चेष्टा झाली होती. पण विमानात रॉकेल चालत नाही. मुंबईच्या विमानतळाबाहेर तो स्टोव्ह गटारावर उलटा धरून शेवटचा थेंब झटकला होता तो मीच. त्या कोरड्या स्टोव्हची वातसुद्धा पेटली नसती.

मॅनेजरबाईंनी मला विचारलं, "हे गृहस्थ काय म्हणतात?"

भाषांतर हे माझं काम होतं. मी ते चोख केलं.

बाबारावजी लालबुंद झाले. "घरी काय कमी शिजवलं का तू? इथं येऊन माही इज्जत शिजवली!"

काकू माझ्याकडे बघत होत्या.

मॅनेजरबाईंची अट सरळ होती. जिने हे केलं तिने लेखी माफी द्यायची, एक प्रत आमच्या कंपनीला जाईल. नाहीतर सव्वीस जणांनी आत्ता सामान उचलायचं. मी रिसेप्शनवर बसून इंग्रजीत माफीनामा लिहिला. सहीसाठी काकूंना बाजूला घेतलं.

"खरं सांगतलं तं तुही नोकरी जाईन का?" त्यांनी हळूच विचारलं.

"जाईल."

त्यांनी लांब उभ्या असलेल्या बाबारावजींकडे एकदा पाहिलं. मग मराठीत सही केली.

"घरी गेल्यावर आमच्या यायले खरं सांगजो मात्र. लोकायचं जाऊ दे. यायले सांगजो."

"सांगतो काकू. पांढुर्ण्याला उतरलो की पहिलं ते."

यानंतरची गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड जाते. मी दोनशे सातमधून कढई उचलली आणि काकूंच्या खोलीतून जप्त करून आणल्यासारखी खाली नेली. नामदेवराव म्हणाले, "झालीच हाय फोडणी, तं फेकता कायले?" ती बटाट्यांवर ओतली. ग्रुप तुटून पडला. बाबारावजींनी दोनदा घेतले. दोन घासांच्या मधे बायकोला बोलतही होते. काकूंनी ब्रेड आणि दही घेतलं.

नागपूरला साहेबांनी माफीनामा वाचला, फायलीला लावला. "क्लायंटची चूक. तुझ्यावर काही नाही." मला पुढच्या वर्षी सिनियर केलं.

मी पांढुर्ण्याला गेलो नाही असं नाही. तीनदा गेलो. पहिल्यांदा बाबारावजी जिनिंगच्या ऑफिसात आठ-दहा जणांना तीच गोष्ट सांगत होते. मला पाहून म्हणाले, "हा घ्या साक्षीदार! सांग रे वासू, किती बंब आले होते?"

"एक," मी म्हणालो.

"एक कायचा, तीन!"

सगळे हसले. मीही हसलो. चहा पिऊन परतलो. पुढच्या दोन्ही खेपांना बंबांची संख्या वाढली होती.

काकूंचं नाव स्टोवाली काकू पडलं. बाबारावजी पुढे बद्रीनाथला गेले, रामेश्वरला गेले, दरवेळी भावासोबत. "हिले नेलं तं धर्मशाळा खाली करा लागन," म्हणायचे. त्यावरही लोक हसत. युरोपनंतर काकू रामाकोन्याला दिलेल्या लेकीकडे सोडून कुठे गेल्या नाहीत. बाबारावजी वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात मी काकूंकडे गेलो. माफीनाम्याची एक कार्बन कॉपी माझ्याकडे होती, ती नेली. मी हे सगळं लिहितो आहे, असं सांगितलं.

"लिही ना. पण ज्याले सांगाचं होतं, तो वाचून राहिला काय?"

मी माफीनामा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "काय लिहलं होतं रे त्यात? सही माही हाय, पण मले कोणी वाचून नाही दाखवलं."

मी मराठीत वाचून दाखवलं. माझ्या निष्काळजीपणामुळे, माझ्या खोलीत, वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मिरच्या माह्या होत्या. तेवढं खरं हाय. पण ते तं तू लिहलंच नाही."

मग चष्मा लावून त्यांनी पेन मागितलं, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. खाली मी सही केली. तारीख त्या दिवशीची टाकली.

नव्या टूर मॅनेजरांना मी एकच सांगत आलो: टेलेक्स वेळेवर पाठवा. उशिरा पाठवलेला टेलेक्सही पोचतो, पण तोवर किचन बंद झालेलं असतं.