कानामागचा तीळ

“अजी, उठा. शाळा भरून राहिली.”

डोक्यावरचा पदर सावरत शेजारची मावशी हे म्हणायची ते नवऱ्याला नव्हे. नवरा केव्हाच वारला होता. हे आर्जव असायचं सहा वर्षांच्या नातीला. हसू नका. आम्ही दिघोरीतले लोकही आधी पोट धरून हसलो, मग सवय झाली.

झालं होतं असं, की मावशीचा नवरा गेला आणि वर्षाच्या आत सुनेला मुलगी झाली. सगळे वंशाच्या दिव्याची वाट पाहत बसलेले. मुलाचं तोंड उतरलं, सून भिंतीकडे वळून रडायला लागली. मावशीनं बाळ उचललं, त्याच्या कानामागं पाहिलं आणि ओरडली, “आला रे आला! तुहा बाप आला. हा पाह्य, तोच तीळ!” आणि तिथल्या तिथं तिनं डोक्यावर पदर घेतला.

बापाला तीळ होता की नाही, मुलाला आठवेना. पण आई म्हणते म्हणजे असेलच. त्यातून तो पितरांना वचकून असणारा. बाळाच्या पाया पडावं की नाही, हेच त्याला कळेना.

तेव्हापासून घरातलं पहिलं ताट पोरीचं. पोरगीही बेरकी. “आजी, मी तुहा नवरा ना? मंग चॉकलेट आणून दे.”

“मागल्या खेपेले तुमी मले काय आणून देल्लं?” मावशी फणकारायची. चॉकलेट मात्र आणायची.

मावशी स्वतः मोठी भाविक. खोटं बोललं की यमाच्या दारी कढईत तळतात, हे ती इतकं रंगवून सांगे की घरी येऊन भजी तळायचा धीर होत नसे.

पोरगी बारावी झाली. तिला भंडाऱ्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि बापानं कोंढ्याचे पाहुणे बोलावले. त्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या असताना मावशी दारात येऊन उभी राहिली.

“माय, मी जबान देल्ली,” मुलगा पुटपुटला.

“बापाचं लगन लावून राहिला का रे? लाव! घरातून काढ बापाले. मंग पितराले ताट वाढू नको. जेवाले कोण येईन?”

मुलगा पांढराफटक पडला. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहाला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी हळूच विचारलं, “मावशी, तुमच्या मालकाले खरंच तीळ होता?”

“नव्हता.”

“अन् कढई?”

तिचा हात थांबला. भ्यायली होती ती, अगदी खरंखुरं. “त्या भेवानं झोप नाही लागत व बाई,” ती म्हणाली. मग एकदम हनुवटी वर केली. “तळतीन तं तळतीन! जलमभर त्या माणसापुढं मान वर नाही केली, आता यमापुढं करीन. मी नरकात गेली तं गेली. पोरगी तं कॉलेजात जाईन!”

पोरगी गेली. मागच्या पावसाळ्यात मावशीही गेली.

तिचा मुलगा अजून रोज सकाळी लेकीची बॅग घेऊन एस्टीच्या थांब्यावर जातो. लेकीला तो एरवी ‘तू’च म्हणतो, पण गाडी दिसली की घाईत तोंडातून निघून जातं, “या लवकर, या.”

तिळाचं मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हेही पाप असेल तर असू दे. त्या कढईपाशी म्हातारीला कोणी शेजारीण नको का?