प्रोसेसरचा इकामा

मी पाइप फिटर. पाइपाच्या तोंडाला तोंड लागलं, भोकाला भोक जुळलं की काम झालं, एवढंच माझं शास्त्र. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पात गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांनी एक दार किलकिलं केलं: रविवारी संगणकावर पाइपलाइनीचा नकाशा काढून दाखव, नाहीतर गावी जा. माझा जुना लॅपटॉप तो नकाशा उघडायला घ्यायचा आणि तिथेच आडवा व्हायचा.

बाजारातून त्याच सॉकेटचा, म्हणजे त्याच खाचेत बसणारा, वापरलेला पण जास्त दमाचा प्रोसेसर आणला. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप उलटा करून उघडला. प्रोसेसरच्या पोटाखाली शेकडो पिना होत्या. माझ्या जाड बोटांनी आयुष्यात इतकं बारीक काही धरलं नव्हतं. तरी पिना भोकांत अलगद उतरल्या, स्क्रूला अर्धा फेरा दिला आणि मी मिशीला पीळ भरला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच.

खोलीतला मालवणचा इलेक्ट्रिशियन खाटेवरूनच म्हणाला, "तो बसलो, पण बोर्ड तेका वळखणा नाय. तेचो इकामो खंय झालो?"

इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना, तो नसेल तर इथे माणसाला कोणी ओळखत नाही. मला थट्टा वाटली, खरीच निघाली. लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर फर्मवेअर म्हणून जे काही कोरलेलं असतं, त्यात या नव्याची ओळखच नव्हती. वेबसाइटवर तपासलं, तर पुढच्या आवृत्तीत होती. ती चढवायला मात्र जुनाच प्रोसेसर परत बसवावा लागला. बॅटरी भरून घेतली, चार्जरही लावला. मधेच वीज गेली तर बोर्डच खलास. पाच-सहा मिनिटं आम्ही दोघं देवासमोर बसावं तसे बसून होतो. मला राहून राहून नवल वाटत होतं, की जाणारा आपल्या जागी येणाऱ्याची ओळख करून देतोय. साइटवर असं करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मीही कधी केलं नव्हतं.

नवा पुन्हा बसवला. पडदा उजळला. नकाशा उघडला, आणि जिच्याखाली सहा वर्षं उताणा पडून मी बोल्ट आवळले, ती अख्खी लाइन माझ्या बोटासरशी फिरू लागली. मी तिला पहिल्यांदाच पूर्ण पाहत होतो. किती सुंदर होती ती. डोळे भरून आले.

रविवारी पास झालो. त्याच आठवड्यात माझ्या जागी दुसरा फिटर आला, माझ्याच वयाचा. मी त्याला लाइनीखाली नेलं आणि कुठला बोल्ट रुसतो ते एकेक करून दाखवलं. वाकताना गुडघे बोंबलत होते.