वेणूचा प्रवेश होणार नाही

भाविका घरतला पनवेलच्या बालगृहात सगळे मॅडम म्हणत. आपट्याजवळच्या तिच्या गावात मात्र तिच्या पदवीची अजून थट्टा चालायची. तिनं समाजकार्य शिकायचं ठरवलं आणि त्यातही मुलांचंच काम निवडलं, तेव्हा बापानं, बळीरामनं, ओटीवर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "पोरां सांभालाला कालेज लागतं? तुझे आयनं पाच वाढवली. ती कुठल्या कालेजात गेलती?"

"आयनं सोताची वाढवली, बाबा. माझ्याकडं कुनाची येतील, कशी येतील, काय म्हायती नाय. मला शिकाला लागंल."

बळीरामनं तंबाखू मळायला घेतली. भाविका शिकून आली.

बालगृहाचे अध्यक्ष कमलाकर. सगळ्यांचे काका. माणूस मनानं सोनं. त्यांची तरुणपणची रात्र न् रात्र पनवेल-उरणच्या जत्रांत नाटकं करण्यात गेली होती. तेव्हाचा रंगमंच म्हणजे चार बाजा आणि मागे दोन लुगडी. पेट्रोमॅक्स भपकन विझायची, पंप मारून पुन्हा पेटेपर्यंत राजा अंधारातच गर्जत राहायचा. लहानपणी काका तोतरे होते. पहिल्यांदा राजा झाले आणि जीभ मोकळी झाली. तेव्हापासून त्यांची खात्रीच झाली होती की रंगमंचावर कुठलंही दुखणं बरं होतं.

म्हणून संस्थेच्या वाढदिवसाला दर वर्षी एक मूल स्वगत म्हणायचं. मी अनाथ, मला कुणी नाही, असं काहीसं. काका स्वतः लिहायचे, स्वतः बसवायचे. सभागृह रडायचं, मग टाळ्यांचा पाऊस. मागच्या वर्षी शार्दूलनं म्हटलं होतं. यंदा वेणू म्हणणार होती.

वेणू आठ वर्षांची, आणि अनाथ नव्हती. तिची आई भामा उरणला मोरा बंदराच्या धक्क्यावर मासळी निवडायची. नवरा गेला, पाठोपाठ तिला टीबी झाला, तेव्हा बाल कल्याण समितीनं मुलीला इथं ठेवलं. आता भामा बरी झाली होती. बहिणीच्या शेजारी खोली घेऊन मुलगी परत मागत होती. येत्या मंगळवारी समिती वेणूला बोलावणार होती. जायचं का, हे तिलाच विचारणार होती. आणि नेमकी वेणू आईला भेटेनाशी झाली होती. रविवारी भामा चिक्की घेऊन यायची, ओट्यावर बसायची, आणि पोर पाण्याच्या टाकीमागे दडायची.

"मूलच नको म्हणतंय," अधीक्षिका रमाताई म्हणाल्या. "तसं समितीला कळवून टाकू."

"नको," भाविका म्हणाली. "ती लपते एवढंच आपल्याला दिसतंय. का लपते ते कळलेलं नाही."

"मग विचार की तिला."

पण भाविका 'का' विचारत नसे. मुलाला 'का' विचारलं की त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि मग ते मोठ्यांना आवडेल तेवढंच सांगतं. तिनं बाहुल्यांची पिशवी काढली, फरशीवर फतकल मारली आणि स्वतःच एकटी खेळायला लागली. जरा वेळानं वेणू आली. तिनं बुटांच्या खोक्याचं झाकण उपडं घातलं, त्यावर एक छोटी बाहुली उभी केली, बाकीच्या समोर बसवल्या. साडीवाली मोठी बाहुली मात्र उचलून चटईखाली खुपसली.

"ही खं गेली गो, कुठं लपली?" भाविकानं गावच्या बोलीत विचारलं.

"ती नाय दिसाला पायजे."

"दिसली तं?"

"मंग कोन रडंल? आय हाय तं टाल्या नाय पडनार." वेणू अगदी हिशेबी आवाजात म्हणाली. "शार्दूलला लय टाल्या पडल्या. मंग त्याला नेला घरी."

शार्दूलची मावशी शोधायला भाविकाला पावसाळा आणि हिवाळा गेला होता. स्वगतानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला, एवढंच मुलांनी पाहिलं होतं. तिनं झाकणावरच्या छोट्या बाहुलीकडे बोट केलं.

"आनि या बायला टाल्या पडल्या, मंग हिला कोन नेनार?"

वेणूनं चटईखाली हात घालून मोठी बाहुली बाहेर काढली. "आय."

भाविकानं तिला शार्दूलची खरी गोष्ट सांगितली. वेणूनं ऐकून घेतली आणि स्वगत पाठ करायला निघून गेली.

त्याच संध्याकाळी भाविका काकांसमोर उभी राहिली. सगळं सांगितलं. म्हणाली, वेणूचं स्वगत रद्द करा.

"पत्रिका वाटून झाल्यात," काका म्हणाले. "आणि पोरगी काय सुरेख करते. अगं, रंगमंचानं माझी जीभ सोडवली."

"तुम्ही राजा झाला होता, काका. रंग पुसलात आणि घरी गेलात. वेणूला तुम्ही वेणूच करताय. ती रंग पुसून कुठं जाणार?"

काकांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "तू जन्मायच्या आधीपासून मी मुलं बघतोय. आता तू मला शिकवणार?"

"हे शिकवणार. त्यासाठीच मला ठेवलंय."

"ठेवलंय तसं काढताही येतं."

"काढा. काढेपर्यंत वेणू माझ्याकडं आहे. मुलांना असं लोकांपुढं उभं करणं कायद्यातही बसत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"तिच्या नावाची घोषणा मी करणार," काका म्हणाले. "बघू कोण अडवतं."

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं. खारघरच्या टॉवरांतून कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. तिसरी घंटा झाली. फाटका फ्रॉक घातलेली वेणू विंगेत ओठ हलवत उभी होती. मागच्या दारापलीकडे, जिन्याच्या पायऱ्यांवर भामा बसली होती. तिला भाविकानंच बोलावून घेतलं होतं.

काकांनी माईक हातात घेतला. "आता आपली एक चिमुकली..."

नाव त्यांच्या ओठांवर यायच्या आत भाविका विंगेतून सरळ प्रकाशात आली. साधी सुती साडी, हातात काही नाही.

"हा प्रवेश होणार नाही," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "समूहगान घ्या."

खुर्च्या करकरल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी विचारलं, "ही कोण?" भाविका हलली नाही. सहनटानं संहितेबाहेरचं वाक्य टाकलं तर नवखा गडबडतो, मुरलेला नट ते उचलून धरतो. काकांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि रागाखाली दुसरंही काही.

"समूहगान," ते माईकवर म्हणाले. मग माईक बाजूला करून, "उद्या ऑफिसात ये."

"येते."

विंगेत वेणू तिच्यावर मुठी उगारून धावली. "माजं काम घालवलंस. टाल्या नाय पडल्या. आता मला कोन नेनार?"

भाविकानं बुक्के खाल्ले, तिला धरून मागच्या दारापर्यंत आणलं आणि दार उघडलं.

"मी नेनार," पायरीवरून भामा म्हणाली.

"टाल्या नाय पडल्या," वेणूनं तिलाही बजावलं.

"मला टाल्या घेऊन काय कराचंय? म्हावरां टाल्यांनी निवडतात काय?"

वेणूनं भाविकाकडे पाहिलं. खरंखोटं तिलाच विचारत होती.

"आय तुला मागते, हां खरां," भाविका म्हणाली. "मंगलवारी ते तुला पन इचारतील. तुला जां वाटतं तां सांग. मी बाजूला असेन."

वेणू आईच्या खालच्या पायरीवर बसली, पाठ फिरवून. नखानं सिमेंट खरवडत राहिली.

"मावशीची ती मांजर हाय काय अजून?"

"हाय. पिल्लां झाली तिला."

"किती?"

"येऊन मोज."

वेणू एक पायरी वर सरकली.

आत समूहगान सुरू झालं होतं. कुणीतरी मुलीला शोधत विंगेकडून येत होतं. भाविकानं दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.