हळदीच्या पडद्यावरची कुस्ती

आमच्याकडे लोक लग्न कोणाचं होतं ते विसरतात, पण हळदीला डीजे कोणाचा होता ते विसरत नाहीत. उरणच्या आजूबाजूला कुठल्याही गावात जा, लग्न उरकायचं असतं आणि हळद गाजवायची असते. माझीही गाजली. इतकी गाजली की अजून कोणी विसरायला तयार नाही.

आम्ही चौघं कुस्तीचे वेडे. मी, माझा मामेभाऊ, एक ट्रेलर चालवणारा मित्र आणि खाडीपलीकडच्या गावातला एक जण, जो पुढे माझा मेहुणा झाला. कुस्ती म्हणजे तांबड्या मातीतली नव्हे. अमेरिकेतली, दिव्यांची, धुराची, चमकत्या पट्ट्यांची. तिकडे शनिवारची संध्याकाळ रंगते तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट असते. मोठा शो असला की आम्ही पैसे भरून तो बघायचो आणि संपला की पोर्टच्या रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेत मतं द्यायचो. ही कुस्ती खोटी असते, निकाल आधी ठरलेला असतो, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. तरी दर वेळी कोणीतरी शहाणा ही बातमी आम्हाला द्यायला येतोच. नाटकाला गेल्यावर शेजारचा माणूस कानात सांगत नाही की हा राजा खरा नाही, याचं घर डोंबिवलीला आहे. आम्हालाच का सांगतात कोणास ठाऊक.

मतं द्यायची म्हणजे कुस्तीला पाचपैकी तारे द्यायचे आणि हरलेल्याची सालटी काढायची. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी कंटेनर यार्डात काम करतो. जहाजावरून उतरलेल्या कंटेनरला कुठे पोचा आलाय, कुठे गंज लागलाय हे बघत फिरायचं, हे माझं काम. दिवसभर दुसऱ्याचे पोचे शोधणाऱ्या माणसाची जीभ मवाळ कशी राहणार? एकदा मेहुण्याचा आवडता पैलवान हरल्यावर गुडघा धरून रिंगणात बसला आणि त्याचे डोळे भरले. मी टपरीवर म्हणालो, "रडतोय, का घाम डोळ्यातून येतोय?" टपरी खदखदून हसली. मेहुणा चहा अर्धा टाकून निघून गेला. वाक्य चांगलं होतं. मला ते आजही आवडतं.

पण माझाही एक होता. आमच्यात त्याला म्हातारा म्हणायचे. मी चौथीत असताना शेजाऱ्यांच्या केबलवर त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हातारा नव्हता. त्याची एकच करामत होती. या कुस्तीत खाली पाडलेल्याचे खांदे जमिनीला टेकले की पंच हात आपटत मोजतो, एक, दोन, तीन. तीनच्या आत खांदा उचलला नाही तर हरलास. माझा म्हातारा दोन मोजून झाले तरी संपायचा नाही. पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली येतोय, सगळं संपलं असं वाटतंय, आणि याचा खांदा उठायचा. दहावीत नापास झालो तेव्हा मी मनात दोन मोजले आणि उठलो. बाबा गेले त्या दिवशीही अंगणात बसून दोन मोजले आणि उठलो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर टपरीनं मला जिवंत ठेवलं नसतं.

त्याची शेवटची कुस्ती जाहीर झाली ती नेमकी माझ्या हळदीची रात्र संपतानाच्या पहाटेला. मी आईला म्हटलं, हळद लागली की दोन तास मित्राकडे जाऊन येतो. "हलद लागल्याव उंबरा वलांडायचा नाय," ती म्हणाली. "बाहेरचा काय लागला तं? हातान सुरी घेऊन बसायचा, गप." आमच्यात हळद लागलेल्या नवऱ्याच्या हातात लिंबू खोचलेली सुरी देतात आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला निघेपर्यंत त्याला मांडवाबाहेर सोडत नाहीत. लहान पोराला जपतात तसं जपतात.

मामेभावाचा डीजेचा आणि एलईडी पडद्याचा धंदा. मांडवात त्याचाच पडदा लावलेला होता, भिंतीएवढा. त्यावर रात्रभर नाचणाऱ्यांची तोंडं दिसत होती, कारण कॅमेरावाला जे टिपतो ते लगेच पडद्यावर यायचं. मामेभाऊ म्हणाला, "तू कला जातंस? कुस्तीच मांडवान आनू." आमच्यात 'कशाला' म्हणायला 'कला' पुरतं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आज त्याचे पाय तोडावेसे वाटतात.

पहाटे डीजे थांबला आणि पडद्यावर अमेरिका आली. मांडवात उरले होते ते प्यालेले चार काका, खुर्च्यांवर आडवी झालेली पोरं, उष्टी हळद घेऊन नवरीकडे जायला तयार झालेल्या बायका, आणि लग्नाची गाणी म्हणणारी आमची म्हातारी धवलारीण. मी मधोमध पाटावर, कपाळापासून पायापर्यंत पिवळा, हातात सुरी. माझ्या बाजूला ट्रेलरवाला मित्र. मेहुणा अर्थातच त्याच्या घरी, बहिणीच्या हळदीत.

म्हातारा आला तेव्हाच मला कळलं की हे धड नाही. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. समोरचा पंचविशीतला, बैलासारखा. म्हाताऱ्यानं मार खाल्ला. नुसता खाल्ला. धवलारीण पडद्याकडे बघून म्हणाली, "या बाबाला घरा कोन नाय काय? कला मार खातंय?" काका हसले. शेवटी त्या पोरट्यानं म्हाताऱ्याला आडवा केला आणि वर झोपलासुद्धा नाही. नुसता एक पाय त्याच्या छातीवर ठेवला, ओल्या पायपुसण्यावर ठेवतात तसा. पंच मोजायला लागला. एक. मी सुरी घट्ट धरली. दोन. मी ओरडलो, "उचल! खांदा उचल!" तीन.

उचलला नाही. मग म्हातारा उठून बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट रिंगणाच्या मधोमध ठेवले, म्हणजे आता पुन्हा खेळणार नाही, आणि मोज्यांवर चालत निघून गेला. मी रडलो. डोळे पाणावले वगैरे नाही, हुंदके देऊन रडलो, सुरीसकट हात तोंडावर धरून.

हे फार तर दोघातिघांनी पाहिलं असतं. पण कॅमेरावाला कामाला जागणारा माणूस. हळदीत नवरा रडला की कॅमेरा नवऱ्यावर न्यायचा, हे त्याला शिकवलेलं. तो समजला, बाबांची आठवण आली. त्यानं कॅमेऱ्यात माझं तोंड धरलं आणि मामेभावानं पडद्याचे दोन भाग केले. एका बाजूला रिंगणातले बूट, दुसऱ्या बाजूला भिंतीएवढा मी. डोळ्यांखालची हळद वाहून गेलेली, नाकातून पाणी. झोपलेली पोरं जागी झाली. एक काका उठला, जेवणाच्या टेबलावर थाड थाड थाड तीनदा हात आपटला आणि ओरडला, "नवरा हरला रं!"

मग मतं सुरू झाली. ट्रेलरवाला मित्र म्हणाला, "कुस्तीला दोन तारे. नवऱ्याला साडेचार." दुसरा काका म्हणाला, "पोरीची आय पाठवनीला ररतं, यो आदल्या दिशीच ररून मोकला." आणि धवलारणीनं, जिच्या मांडीवर मी खेळलो होतो, जागच्या जागी गाण्यात ओवलं: "नवऱ्याचं डोलं कला गं भरलं, परमुलखाचं म्हातारं कला गं परलं." बायकांनी ते लगेच उचललं. मी उठून पळालो असतो, पण हळद लागलेली. पाटावर बसून सगळं ऐकलं. माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. नवरीला मी चारदा भेटलो होतो आणि चारही वेळा ताठ बसून यार्डातल्या मारामाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. माझ्या बहिणीनं उष्ट्या हळदीची वाटी हातात घेतली तेव्हा मी तिचा हात धरला. "तिकरं कायपन बोलू नको," म्हटलं. बहीण म्हणाली, "मी कला बोलू? मामानच्या पोरानं कवाच पाठवलाय तो व्हिडिओ." हळद गाडीत बसायच्या आधी माझं रडणं खाडीपलीकडे पोचलं होतं. मेहुण्याचं उत्तरही आलं होतं. "रडतोय, का घाम डोळ्यातून येतोय?" मी वर्षभर जपलेलं वाक्य, माझ्याच हळदीत माझ्या तोंडावर. आणि खरं सांगतो, तिथंही ते चांगलंच लागलं.

संध्याकाळी लग्न लागलं. अंतरपाट खाली आला आणि मेहुण्याच्या टोळीनं अक्षतांबरोबर मोजलं, "एक! दोन! तीन!" सगळा मांडव हसला, भटजीसकट. मी मान खाली घातली. हार घालायला ती पुढे आली, हळदीनं उजळलेली, चेहऱ्यावर एक रेष हलत नव्हती. माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "खांदा उचला. मी अजून पाय ठेवला नाय." तिच्या हाराखाली मी मान आणखी खाली घातली.

त्यानंतर गावानं मला सोडलं नाही. यार्डाच्या गेटवरचा वॉचमन मला बघून आडव्या बांबूवर तीनदा हात मारायचा. रिक्षावाले टपावर मारायचे. मासे विकणारी पाटीवर मारायची. मी टपरीवर जाणं बंद केलं. मोठे शो आले नि गेले, मी कोणाला एक तारा दिला नाही. जी जीभ मी इतक्या वर्षांत धार लावून ठेवली होती, ती तोंडात पडून राहिली. कोणाविषयी काही बोलावं तर समोरचा शांतपणे हात आपटणार, हे मला ठाऊक होतं. मी मेलो होतो म्हटलं तरी चालेल. बायको हे सगळं बघत होती.

वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात बातमी आली. म्हातारा परत येतोय. शेवटची कुस्ती खेळून, बूट काढून, मला भर मांडवात नागवा करून गेलेला तो माणूस नवे बूट घालून परत येत होता. मला इतका संताप आला की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी बघणार नव्हतो. पण बायकोनं पहाटे टीव्ही लावला, चहा ठेवला आणि मला हलवून उठवलं.

म्हातारा आधीपेक्षा जाड झाला होता. परत मार खाल्ला, परत आडवा झाला. एक. मी भिंतीकडे तोंड केलं. दोन. आणि माझी मान वळली, तोंडातून, माझ्या नकळत, आलंच, "उचल!" त्यानं उचलला. तोच खांदा, तसाच, पंचाचा हात खाली येता येता. तिकडे लोक वेडे झाले. मी पांघरूण मुठीत पिळत होतो. रागानं का कशानं, मला सांगता येणार नाही.

बायकोनं चहाचा कप माझ्या पुढ्यात आपटला. एकदाच आपटला. म्हणाली, "त्यो उठला बगा. तुमी कदी उठनार?"

मी चहा संपवला. चपला घातल्या आणि टपरीकडे निघालो. गेटवरच्या वॉचमननं बांबूवर हात मारला, एक, दोन, आणि तिसऱ्याच्या आत मी त्याच्या आईपासून सुरुवात केली. टपरीवर तिघं बसलेच होते. मेहुण्यानं मला बघितलं आणि टेबलावर आपटायला हात उचलला. मी खुर्ची ओढली आणि त्या थेरड्याला अर्धा तारा देऊन टाकला.