ऋणनिर्देशातून गळलेला बाप

चावीवाल्याची पोरगी लहानपणी ज्यात त्यात "का?" म्हणून विचारायची. बापानं वैतागून तिचं नाव पाडलं वकीलसाहेब. ते गल्लीभर झालं. पोरगी कॉलेजात गेली, राज्यशास्त्र घेतलं, शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहायला बसली, तरी शिंपीमावशीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वकीलसाहेबच.

बाप नगरपालिकेत चावीवाला. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली पाण्याचे व्हॉल्व असतात. पुरुषभर उंचीच्या चावीनं ते फिरवायचे. एका गल्लीचं पाणी बंद, दुसरीचं सुरू. काम दिसायला हमालीचं. पण जिथं पाणी दिवसाआड आणि तेही करंगळीएवढ्या धारेनं येतं, तिथं हा गडी खांद्यावर चावी टाकून निघाला की मोठमोठे दुकानदार खुर्चीतून अर्धे उठायचे.

प्रबंधाचा विषय पोरीनं हौसेनं घेतला होता: वस्तीतली माणसं नगरपालिकेकडे तक्रार करतात का, आणि करत नसतील तर का नाही? मार्गदर्शक बाईंना पोरं मागं चाळणी म्हणत. त्यांच्या हातून खडा सुटत नसे. त्यांनी विषय पाहून मान हलवली होती. "चांगलं केलंस तर पुढच्या शिक्षणासाठी मी स्वतः शिफारस लिहीन," म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर पोरगी महिनोन्महिने तरंगत होती. मोठ्या शहरातलं मोठं विद्यापीठ तिला झोपेत दिसायचं.

घरोघर मुलाखती घ्यायच्या म्हटल्यावर बाप म्हणाला, "एकटी जाणार? लोक दार तोंडावर लावतील. मी येतो ओळख करून द्यायला."

आला की. धुतलेला सदरा घालून, ड्यूटीवर जाता जाता, खांद्यावर चावी घेऊन. प्रत्येक दारात एकच भाषण: "ही आमची वकीलसाहेब. पुस्तक लिहितेय. विचारेल त्याला नीट उत्तर द्या हं." मग चावी भिंतीला टेकवून उंबऱ्यावर बसायचा. चहा यायचा, घरात साखर असो नसो.

"पाण्याबद्दल काही तक्रार?" पोरगी विचारायची.

"तक्रार?" गिरणीवाला हसला. "अहो, पाणी इतकं येतं की बायको म्हणते, आता पोहायला शिकते!"

सगळे हसले. बाप सगळ्यांत मोठ्यानं. पोरीनं लिहिलं: समाधानी.

सगळ्या वस्तीत समाधानीच समाधानी. तिनं निष्कर्ष लिहिला की इथल्या लोकांचा व्यवस्थेवर विश्वास आहे, म्हणून ते तक्रार करत नाहीत. छान वाटला. आणि ऋणनिर्देशात, डोळ्यांत पाणी आणून, एक ओळ घातली: "माझे वडील प्रत्येक दारापर्यंत माझ्यासोबत आले. ते नसते तर एकही दार उघडलं नसतं."

चाळणीबाई कुठलाही प्रबंध ऋणनिर्देशापासून वाचत. ती ओळ आली आणि त्यांनी चष्मा काढला.

"तुझे वडील काय करतात?"

"नगरपालिकेत आहेत. पाणी सोडतात."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला.

"म्हणजे तू पाण्याची तक्रार विचारलीस," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि पाणी सोडणारा माणूस उंबऱ्यावर बसला होता."

पोरीनं वही मिटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. एवढी वर्षं प्रत्येक गोष्टीला का विचारणारी ही. आपल्याला चहा का मिळतोय, एवढं मात्र विचारलं नव्हतं.

"आता काय करू?"

"खरं ते लिही. तुला मिळालेली उत्तरं भीतीची आहेत. तोच तुझा निष्कर्ष. वडील सोबत होते हेही लिहायचं. प्रबंध सोन्याचा होईल."

ती एकटीच शिंपीमावशीकडे गेली. म्हणाली, "मावशी, आज बाबा नाहीत. खरं सांग."

मावशीनं आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "खरंच सांगितलं की गं. पाणी झकास येतं."

"मावशी."

"हे बघ बाळा, पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतं? मागच्या गल्लीनं एकदा अर्ज दिला होता. त्यांचा तो उन्हाळा आठवतो ना? बाया हंडे घेऊन दारोदार हिंडत होत्या."

"तेव्हा पाइप फुटला होता."

मावशीनं दातानं दोरा तोडला आणि मशीन सुरू केली.

घरी बाप चावीला तेल लावत बसला होता. पोरगी समोर उभी राहिली. "बाबा, मागच्या गल्लीचा पाइप खरंच फुटला होता?"

बापाचा हात थांबला. "पाणीखात्याच्या साहेबांनी सांगितलं, अर्ज करतात काय, यांना जरा वाळू दे. मी नाही म्हटलं असतं तर चावी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली असती. मग तुझी शाळा, तुझं कॉलेज?" आणि हसल्यासारखं करून म्हणाला, "का गं, पुस्तकात घालतेस का? घाल. साहेब वाचतील आणि मला पेन्शनीआधीच मोकळा करतील."

एवढं बोलून तो परत तेल लावायला लागला. पण चिंधी एकाच जागी फिरत राहिली.

पोरीनं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. खरं लिहावं तर बाप रस्त्यावर. खोटं ठेवावं तर ती मागची गल्ली, हंडे घेऊन दारोदार हिंडलेल्या त्या बाया, कायमच्या समाधानी म्हणून कॉलेजच्या कपाटात जाणार. शेवटी तिनं निष्कर्ष तसाच ठेवला. फक्त ऋणनिर्देशातली ती ओळ काढली, जिच्यावरून कुणालाही बाप उंबऱ्यावर बसलेला दिसला असता.

चाळणीबाईंनी पुन्हा पहिलं पान वाचलं. ओळ नाही हे पाहिलं. सही केली.

"पास होशील," त्या म्हणाल्या. "शिफारस मात्र माझ्याकडे मागू नकोस."

"नाही मागणार, बाई."

बांधलेली प्रत घरी आली त्या दुपारी बापानं साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. पुसून, मांडी घालून बसला. पोरगी म्हणाली, "बाबा, राहू द्या, रटाळ आहे." त्यानं ऐकलं नाही. ऋणनिर्देशावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेला. प्राध्यापकांचे आभार. ग्रंथपालांचे आभार. मैत्रिणी. आई. पान संपलं. उलटून मागं पाहिलं. मागं कोरं होतं.

"माझं राहिलं वाटतं," तो म्हणाला.

पोरगी काय सांगणार? तुम्हाला वाचवायला तुम्हाला काढलं, असं?

आई चुलीपुढून म्हणाली, "राहिलं कसलं! पोरगी शिकली आता. चावीवाला बाप छापायची लाज वाटली असेल."

"गप गं," बाप म्हणाला. "छापणाऱ्याची चूक असेल. एवढ्या पानांत एखादी ओळ गळते." त्यानं प्रत नीट मिटली, वरची नसलेली धूळ सदऱ्यानं पुसली आणि फळीवर ठेवली. मग चावी खांद्यावर घेतली. आज पुढच्या गल्लीची पाळी होती. जाताना पोरीकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळानं घरातला नळ खाकरला आणि धार पडली. त्यांच्याकडे पाणी नेहमी सगळ्यांच्या आधी यायचं. लहानपणी तिनं एकदा का म्हणून विचारलंही होतं. बाप म्हणाला होता, "टाकीजवळ राहतो ना आपण."

टाकी वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

"वकीलसाहेब, बसलीस काय? हंडा लाव," आई ओरडली.

पोरगी उठली आणि हंडा लावला.