नसलेल्या चारीला पाणी

परभणीला कालव्याच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावर काम करता येणारी मी एकटीच होते. शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या कुठल्या चारीला ते कधी सोडायचं, याचे हुकूम लिहायला मी एक छोटी भाषा तयार केली. वितरिकांची, म्हणजे कालव्याच्या फाट्यांची, आणि त्यांच्यावरच्या चाऱ्यांची नावं जाहीर करायची आणि त्या नावांनी हुकूम लिहायचे. वाक्य नियमात बसलं की वेळापत्रक छापून यायचं.

एकदा मी मुद्दाम नसलेल्या चारीचं नाव घातलं. यंत्रानं तिलाही मंगळवारी पाणी देऊन टाकलं.

कागद साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "असं खोटं नाव कोण लिहिणार, बाई? राहू द्या."

"खोटं नाही, पण चुकून लिहितील, साहेब. वाक्य बरोबर असलं तरी त्या नावाची चारी आहे का, हे यंत्रानं बघायलाच पाहिजे."

मी तपासणी घातली, तर यंत्र बरोबर हुकूमसुद्धा नाकारायला लागलं. ते वरून खाली वाचत जायचं; हुकूम वर आणि चारी खाली जाहीर केलेली असली, की त्याला ती ठाऊकच नसायची. साहेब म्हणाले, "काढून टाका ते." मी काढलं नाही.

ताडकळसला घरी वडील होते. शाळामास्तर, नामांतराच्या मोर्च्यांत पायी फिरलेले. जेवताना माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "जमंना का?"

"जमवते."

"मंग जेव नीट."

मी वाचनाच्या दोन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत यंत्र नुसती नावं गोळा करायचं, दुसरीत प्रत्येक हुकमातलं नाव त्यांच्याशी ताडून बघायचं. तेवढ्यात जिंतूरकडच्या कालवा निरीक्षकांनी सांगितलं, की पिंपळाची चारी याच नावाच्या चाऱ्या दोन वितरिकांवर आहेत. मग हुकूम ज्या वितरिकेचा, तिच्यातच नाव शोधायचं, हा नियमही घातला.

रब्बीच्या पाण्याच्या पहिल्या पाळीला तेच निरीक्षक वैतागून आले. "लय कटकट करायलाय तुमचं यंत्र. हुकूमच घेईना."

"काय म्हणतंय?"

"या वितरिकेवर आंब्याची चारी न्हाई म्हणतंय."

"आहे का?"

त्यांनी नकाशा उघडला. एकेक वितरिका बोटानं तपासली. आंब्याची चारी शेजारच्या वितरिकेवर होती. हुकूम तसाच गेला असता, तर पाणी चुकीच्या वितरिकेला सुटलं असतं आणि आंब्याच्या चारीवरची शेवटच्या टोकाची रानं कोरडी राहिली असती. त्यांनी स्वतःच नाव दुरुस्त केलं आणि चहा मागवला.

महिन्याभरात साहेबांनी दुसऱ्या कालव्याचं काम माझ्याकडे दिलं. मी सुरुवातच त्या तपासणीपासून केली.