पैजेचं नाणं

आरसेकाका हे नाव काही घरच्यांनी ठेवलेलं नव्हतं. टांकसाळीत नाण्यांचे पोलादी ठसे घासून ते इतके चकचकीत करत, की सोबतचे लोक त्यात बघून मिशा नीट करायचे. तिथलं हे नाव निवृत्तीनंतर गल्लीतही आलं. या कामाची गंमत अशी, की काम उत्तम झालं तर करणारा कुठेच दिसत नाही. काका जन्मभर असे न दिसता राबले.

दिसले ते एकदाच. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा काका ठसा घासत होते. हात हलला आणि आकड्याच्या पोटाखाली केसाएवढी रेघ पडली. तपासनिसाच्या नजरेतून ती सुटली, काका मूग गिळून बसले, आणि ठशात खोल गेलेली ती रेघ नाण्यानाण्यावर उठून बाजारात गेली.

सांगितलं ते फक्त बायकोला. ती मग सुट्ट्या पैशांच्या मागेच लागली. दूधवाला असो की कंडक्टर, नाणं हातात आलं की आधी उजेडात धरायची. एके दिवशी तिनं एक नाणं काकांपुढे ठेवलं. काकांनी भिंगातून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, कुणाच्या तरी खिशात किल्लीचा ओरखडा पडलाय. खरं तर त्यांना बघायचंच नव्हतं. नोकरीची भीती होती, आणि आपली चूक घरात येऊन बसलेली नको होती. बायकोनं हेका सोडला नाही. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणून ती आरशालाच चिडवायची. शेवटी पैज लागली, हरेल त्यानं जन्मभर सकाळचा चहा करायचा. निकाल लागेपर्यंत मी करते, म्हणाली, आणि करत राहिली.

गेल्या वर्षी ती गेली. मुलगी आली, राहिली, परत आपल्या संसाराला लागली. घर इतकं गप्प झालं, की काका उगाचच नळ चालू ठेवू लागले. शर्टाचं बटण शोधताना बायकोच्या शिवणाच्या डब्याच्या तळाशी ते नाणं सापडलं. भिंग काढलं, पण आता डोळे साथ देईनात. म्हणून नाणं रुमालात बांधून ते डिजिटल मायक्रोस्कोप घ्यायला निघाले.

दुकानातल्या बाईंनी सगळ्यात मोठा आकडा लिहिलेला खोका पुढे केला. हजारपट मोठं दिसेल, म्हणाल्या. दिसलं खरं, पण पडद्यावर नुसतं खडकाळ रान. आकडा कुठला आणि रेघ कुठली, कळेना. दुसऱ्याला भिंगाभोवती दिव्यांचं कडं होतं. ते लागताच नाणं पांढरंफटक पडलं.

"जमवता का नाणी?" बाईंनी विचारलं.

"एकच आहे."

तिसरा दिसायला साधाच होता, पण स्टँडवर घट्ट बसणारा. भिंग नाण्यापासून चार बोटं वर राहत होतं आणि बाजूला वाकवता येणारे दोन दिवे होते. काकांनी एक बंद करायला लावला आणि दुसरा स्वतः वाकवून अगदी नाण्याच्या पातळीला आणला. घोडं इथंच अडलेलं होतं. ओरखडा खोल असतो, ठशावरून आलेली रेघ उठलेली असते. आडव्या उजेडात दोन्हींची सावली उलट बाजूला पडते. शेजारचा आकडा तर उठलेलाच होता. रेघेची सावली आकड्यासारखी पडली, तर पैज बायकोची.

काकांनी फोकसचं चाक हळूच फिरवलं. आधी आकडा स्पष्ट झाला, उजवीकडे सावली टाकून. मग त्याच्या पोटाखालची रेघ, झिजलेली, मध्येच तुटलेली. तिचीही सावली उजवीकडेच होती.

बाईंनी बटण दाबून फोटो काढला. कुणाला पाठवायचाय, नंबर सांगा, म्हणाल्या.

"बरोबर होतं तिचं," काका म्हणाले. "मी हरलो."

तोच मायक्रोस्कोप त्यांनी घेतला. घरी आल्यावर तो टेबलावर मांडला, नाणं खाली ठेवलं, आणि मनापासून रडले. तिच्यासमोर हरायला किती मजा आली असती.

सकाळी उठून त्यांनी पैजेप्रमाणे चहा टाकला. तो तर ते वर्षभर टाकतच होते. एक कप.